पेशी समजून घ्यायची तर एका प्रथिनाच्या मागे चालत जा

केंद्रक म्हणजे पेशीचा मेंदू, तंतुकणिका म्हणजे वीजघर, लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या. शाळेत विज्ञान शिकलेल्या बहुतेकांना ही वाक्यं झोपेतून उठवून विचारली तरी येतात. पुढचा प्रश्न विचारला की मात्र गाडी अडते. आठवीच्या एका मुलीने मला विचारलं होतं, "केंद्रक मेंदू आहे, तर मग पेशीला दुखतं का?" वर्ग हसला, पण प्रश्न अगदी सरळ होता. मेंदू आहे असं आम्हीच तिला सांगितलं होतं, आणि मेंदू असेल तर दुखायला हवं. तिचं काही चुकलं नव्हतं, उपमा चुकली होती.

तेव्हापासून मी भागांची यादी घेऊन प्रत्येकाला एकेक उपमा चिकटवणं सोडून दिलं. त्याऐवजी एक प्रथिन निवडायचं आणि ते जन्मल्यापासून पेशीबाहेर पडेपर्यंत त्याच्या मागे चालत जायचं. वाटेत जो भाग लागेल तो तिथेच समजून घ्यायचा. उपमा द्यायची ती भागाच्या दिसण्याला नाही, कामाला. आणि उपमा दिली की लगेच विचारायचं: ही कुठे तुटते? वहीच्या पानावर उजवीकडे त्यासाठी एक वेगळा रकाना आखा. तो रकाना रिकामा राहिला, तर भाग पाठ झालाय, कळलेला नाही, असं समजा.

आपण इन्सुलिनच्या मागे जाऊ. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी ते बनवतात आणि रक्तात सोडतात. त्याच्या प्रवासात पेशीतली जवळपास सगळी अंगकं कामाला लागतात, म्हणून ते सोयीचं. जवळ एक वही, थोडं साबणाचं पाणी, तारेचं एक कडं, दोरा आणि चार-पाच रंगांचे मणी घ्या.

आधी मापं डोळ्यांत भरू द्या

पुस्तकातल्या आकृतीत सगळे भाग ऐसपैस बसलेले असतात. रायबोझोम म्हणजे चार ठिपके, तंतुकणिका दोन-तीन, मध्ये भरपूर मोकळी जागा. ही आकृती डोक्यातून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बीटा पेशी साधारण १० मायक्रोमीटरची असते. तिला मनातल्या मनात एक लाख पटींनी मोठी करा. आता ती एक मीटर व्यासाचा गोळा झाली. त्यात केंद्रक सुमारे ६० सेंटीमीटरचं. तंतुकणिका मनगटाएवढ्या जाड, काही आखूड, काही लांबुळक्या. रायबोझोम अडीच मिलिमीटरचा, म्हणजे बारीक मण्याएवढा, आणि असे मणी लाखोंनी. पेशीच्या बाहेरचं पटल पाऊण मिलिमीटर, जवळजवळ एटीएम कार्डाच्या जाडीचं. तयार इन्सुलिन साठवलेले कण तीन सेंटीमीटरच्या गोट्यांसारखे, आणि ते सुमारे दहा हजार. ह्याच मापाने माणूस मोजला तर तो १७० किलोमीटर उंच होईल.

एवढा माल एक मीटरच्या गोळ्यात भरलाय म्हटल्यावर "मध्ये पेशीद्रव्य असतं" ह्या वाक्याचा अर्थ बदलतो. पेशीद्रव्य म्हणजे पाण्याने भरलेली मोकळी खोली नव्हे. गच्च भरलेल्या बाजारात खांद्याला खांदा घासत पुढे सरकावं, तशी तिथली दाटी असते. जमेल तशी ही गर्दी वहीत काढा. चित्र नीट आलं नाही तरी चालेल, हात दमला की मुद्दा कळतो.

साबणाच्या पडद्यावर बोट ठेवा

पटलाला "सुरक्षारक्षक" म्हणण्याची पद्धत आहे. मला ती आवडत नाही, कारण रक्षक माणसं ओळखून निर्णय घेतो, आणि पटलाजवळ निर्णय घेणारं कोणी नाही. त्यापेक्षा हा प्रयोग करा. तारेचं कडं साबणाच्या पाण्यात बुडवून पडदा तयार करा. कोरडं बोट लावा, पडदा फुटेल. पुन्हा पडदा करा, बोट साबणाच्या पाण्यात भिजवून घ्या आणि हळूच आरपार घाला. पडदा बोटाभोवती घट्ट बसतो, बोट काढलं की पुन्हा मिटतो. नीट बघितलंत तर पडद्यावरचे रंगही वाहताना दिसतील.

पेशीच्या पटलाचे हे तीनही गुण आहेत. ते पातळ आहे, वाहतं आहे आणि भोक पडलं तर स्वतःहून मिटतं. मेदाचे रेणू शेजारी शेजारी उभे असतात, त्यांचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं आणि शेपट्या पाण्यापासून पळतात. म्हणून दोन थर शेपट्या आत लपवून, डोकी बाहेर करून उभे राहतात. कोणी बांधकाम करत नाही, पाणीच त्यांना तसं उभं करतं. तुमचं ओलं बोट म्हणजे त्या पटलात रुतलेली प्रथिनं. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडलेलं चित्र हेच होतं: मेदाचं वाहतं पटल आणि त्यात तरंगणारी प्रथिनं. काही प्रथिनं दार असतात, काही पंप, काही बाहेरचा निरोप घेणारे कान.

आता उजवा रकाना. साबणाचा पडदा नेमका उलटा असतो. त्यात पाणी मध्ये असतं, डोकी आत वळलेली आणि शेपट्या बाहेर हवेकडे. पेशीत दोन्ही बाजूंना पाणी, म्हणून शेपट्या मध्ये. हा फरक मुलांकडून काढून घ्या, सांगून टाकू नका. "शेपटीला पाणी नको आणि आता दोन्हीकडे पाणी आहे, तर ती कुठे जाईल?" एवढं विचारलं की बहुतेक जण स्वतः चित्र काढतात.

मूळ ग्रंथ बाहेर नेता येत नाही

इन्सुलिन बनवायचं तर कृती हवी, आणि ती केंद्रकात आहे. केंद्रक म्हणजे मेंदू नव्हे, ग्रंथालयातली संदर्भ-खोली. ग्रंथ बाहेर नेता येत नाहीत, हवं ते पान उतरवून घ्यायचं. इन्सुलिनचं पान ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. त्याची नक्कल होते, तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. नक्कल केल्यावर तिच्यातले दोन अनावश्यक तुकडे कापून उरलेला मजकूर जोडला जातो, आणि मगच ती केंद्रकछिद्रातून बाहेर पडते. आपल्या मापाने हे छिद्र सेंटीमीटरभराचं.

ग्रंथ केवढा आहे? एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. लाख पटींच्या मापात तो शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड आणि २०० किलोमीटर लांब होईल, आणि त्याला ६० सेंटीमीटरच्या गोळ्यात राहायचंय. ऐकून वाटतं की अडचण जागेची असणार. हिशेब करून बघा, मी पहिल्यांदा केला तेव्हा चकित झालो होतो. त्या सगळ्या दोऱ्याचं घनफळ जेमतेम सहा लिटर भरतं, आणि केंद्रक शंभर लिटरांहून मोठं. जागा भरपूर आहे. खरी अडचण गुंत्याची आहे: दोरा गुंतू न देता हवं तेच टोक हवं तेव्हा हाती यायला हवं. म्हणून डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. एका पेशीत अशी रिळं सुमारे तीन कोटी.

उपमा तुटते ती इथे. ग्रंथालयात वाचक येऊन पान मागतो. इथे तुमच्या त्वचेच्या पेशीतही इन्सुलिनचं पान शाबूत आहे, पण ते इतकं आवळून गुंडाळलेलं आहे की नक्कल करणाऱ्या विकरांचा (एन्झाइमांचा) हातच तिथे पोहोचत नाही. बीटा पेशीत तो भाग सैल असतो. म्हणजे कोणती पेशी काय होणार हे जवळ कोणता ग्रंथ आहे यावर ठरत नाही. ग्रंथ सगळ्यांकडे एकच. कोणतं पान उघडं आहे, यावर ठरतं. "केंद्रक हुकूम सोडतं" हे वाक्यही त्यामुळे खोडून टाका. कोणतं पान उघडायचं, ते बाहेरून आत आलेल्या संकेतांवर ठरत असतं. ग्रंथ पेशीला चालवतो तेवढीच पेशी ग्रंथाला उघडते-मिटते.

मणी ओवा

इथे खरोखर मणी हातात घ्या. नकलेचा मजकूर चारच अक्षरांत लिहिलेला असतो. वहीत कोणतीही चार अक्षरं पुन्हा पुन्हा वापरून एक लांब ओळ लिहा. तीन-तीन अक्षरांचे गट पाडा आणि प्रत्येक गटाला मण्याचा एक रंग ठरवा. आता ओळ वाचत वाचत मणी ओवत जा. तुम्ही रायबोझोम झालात, म्हणजे नक्कल वाचून प्रथिनाची माळ ओवणारं यंत्र. मणी म्हणजे अमिनो आम्लं, प्रथिनाचे सुटे घटक. चार अक्षरांचे तीन-तीनचे गट ६४ होतात, मणी मात्र २० प्रकारचे. त्यामुळे अनेक गटांना एकच मणी येतो, आणि तीन गटांचा अर्थ "थांब" असा आहे. ही सांकेतिक लिपी उलगडण्याच्या कामासाठी हरगोविंद खुराना यांना १९६८ चं नोबेल विभागून मिळालं, आणि रायबोझोमची रचना उलगडल्याबद्दल वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ चं.

ओवताना मुद्दाम एक अक्षर गाळा. पुढचे सगळे गट सरकतात आणि माळेचा रंगच बदलून जातो. जनुकातला बदल कधी किरकोळ आणि कधी घातक का ठरतो, ते मुलांना इथे बोटांनी कळतं.

आपल्या पेशींतला रायबोझोम सेकंदाला पाच-सहा मणी ओवतो. इन्सुलिनची पहिली माळ ११० मण्यांची असते, म्हणजे साधारण वीस सेकंदांचं काम. एकाच नकलेवर एकामागे एक असे अनेक रायबोझोम चालत असतात. नक्कल मात्र टिकाऊ नसते, ठरावीक काळाने ती मोडीत काढली जाते. म्हणून नवी नक्कल येणं थांबलं की काही काळाने उत्पादनही आपोआप थांबतं. थांबवायला वेगळा निरोप लागत नाही.

दारावर फाडलं जाणारं तिकीट

माळेचे पहिले २४ मणी इन्सुलिनच्या उपयोगाचे नाहीत. ते तिकीट आहे. ते ओवून बाहेर येताच एक वाहक कण त्याला धरतो, ओवण्याचं काम क्षणभर थांबवतो आणि अख्खा रायबोझोम आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतल्या पटलाच्या पोकळ जाळ्याच्या, दाराशी नेऊन बसवतो. मग ओवणं पुन्हा सुरू, फक्त आता माळ बनता बनता जालिकेच्या आत उतरत जाते. आत शिरली की तिकीट कापून टाकतात. ८६ मणी उरतात.

ज्या प्रथिनाला हे तिकीट नाही त्याची माळ बाहेर पेशीद्रव्यातच ओवून पूर्ण होते. ह्या एका गोष्टीने पुस्तकातलं एक कोडं सुटतं. "खरखरीत" आणि "मऊ" अशा दोन जालिका पाठ करायला लावतात, तेव्हा वाटतं की खरखरीत जालिकेवरचे रायबोझोम वेगळ्या जातीचे असावेत. तसं नाही. रायबोझोम सगळे सारखेच. ज्याच्या हातात तिकीटवाली माळ आली तो दाराशी जाऊन बसला, इतकंच. प्रथिनांवर असे पत्ते लिहिलेले असतात हे दाखवल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ मध्ये नोबेल मिळालं.

जालिकेच्या आतलं काम माझ्या मते अख्ख्या पेशीतलं सर्वांत सुंदर आहे, आणि शाळेत ते एका ओळीत उरकतात. माळ आत पडते ती लुळी दोरी असते. लुळी दोरी काही कामाची नाही, तिला विशिष्ट घडी पडावी लागते. तुमच्या मण्यांच्या माळेत सहा मणी काळे आहेत असं धरा आणि त्यांच्या तीन जोड्या दोऱ्याने बांधा. माळ वळते, दुमडते, तिला एक ठरावीक आकार येतो. इन्सुलिनमध्ये गंधकाचे असे तीन बंध पडतात. घडी घालायला मदत करणारी प्रथिनं जालिकेत असतात, आणि घडी चुकलेली माळ पुढे जाऊ दिली जात नाही. ती परत बाहेर काढून मोडली जाते.

ही तपासणी किती कडक असते याचा दाखला सिस्टिक फायब्रोसिस ह्या आजारात आहे. त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात एका प्रथिनाच्या १४८० मण्यांपैकी ५०८ क्रमांकाचा एकच मणी गळलेला असतो. ते प्रथिन पटलापर्यंत पोहोचलं तर थोडंफार काम करू शकतं. पण घडी सदोष, म्हणून जालिका त्याला सोडतच नाही. त्यासाठी तयार झालेल्या औषधांपैकी काही नेमकं हेच करतात: घडी सावरतात, म्हणजे प्रथिन जालिकेतून सुटतं.

छाननी, पण टेबलही सरकतं

जालिकेतून एक फुगा सुटतो, त्यात आपलं इन्सुलिन, आणि तो गॉल्जी संकुलाला जाऊन मिळतो. टपाल कार्यालयातल्या छाननी विभागाची उपमा इथे चांगली बसते. माल येतो, त्यावर खुणा होतात, गावोगावचे गठ्ठे वेगळे होतात. लयकारिकेकडे, म्हणजे पेशीतलं भंगार मोडणाऱ्या पिशवीकडे, जाणाऱ्या विकरांवर इथे मॅनोज-६-फॉस्फेट नावाची खूण लागते. ही खूण लावणारं विकर जन्मतः बिघडलेलं असलं तर तो माल पत्त्याविना भरकटतो आणि पेशीबाहेर फेकला जातो. लयकारिका रिकाम्या राहतात आणि मूल गंभीर आजारी होतं.

उपमा तुटते कारण टपालाचं टेबल जागचं हलत नाही. गॉल्जीच्या चपट्या थैल्या मात्र स्वतःच पुढे सरकत, बदलत जातात. आज आवक बाजूला असलेली थैली थोड्या वेळाने जावक बाजूची झालेली असते.

हा सगळा मार्ग कल्पनेने आखलेला नाही. १९६० च्या दशकात जॉर्ज पालाडे यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पेशींना, पाचक विकरं बनवणाऱ्या पेशींना, अगदी थोडा वेळ किरणोत्सारी अमिनो आम्ल दिलं आणि मग ठरावीक वेळाने ते कुठे पोहोचलंय हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आधी जालिकेत, काही मिनिटांनी गॉल्जीत, तासा-दोन तासांनी साठवणीच्या कणांत. लग्नघरातून निघालेल्या वऱ्हाडाच्या गाड्या वाटेतल्या प्रत्येक गावात मोजाव्यात तसं. १९७४ चं नोबेल त्यांना क्लॉड आणि द दुव यांच्यासह मिळालं.

गॉल्जीतून इन्सुलिन साठवणीच्या कणांत भरलं जातं आणि शेवटची कापाकापी तिथे होते. माळेचा मधला भाग कापून वेगळा पडतो, ३१ मण्यांचा. त्याला सी-पेप्टाइड म्हणतात. कापाच्या जागचे चार मणीही गळतात. उरतात २१ आणि ३० मण्यांचे दोन तुकडे, आधी बांधलेल्या गाठींनी जोडलेले. हेच ५१ मण्यांचं इन्सुलिन. कापलेला तुकडा फेकला जात नाही, त्याच कणात पडून राहतो आणि इन्सुलिनबरोबरच रक्तात जातो. टोचून घेतलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. त्यामुळे रक्तातलं सी-पेप्टाइड मोजलं की रुग्णाचं स्वतःचं स्वादुपिंड किती इन्सुलिन बनवतंय ते डॉक्टरांना कळतं. पेशीच्या आतली एक कात्री प्रयोगशाळेच्या अहवालात अशी दिसते.

सांगाडा म्हणू नका, परांची म्हणा

हे फुगे आणि कण जातात कशावरून? पेशीच्या सांगाड्यावरून. सांगाडा हा शब्द फसवा आहे, कारण हाडांचा सांगाडा कायमचा असतो. इमारतीभोवती बांधतात ती परांची आठवा. गरज तिथे बांधली, काम झालं की सोडून दुसरीकडे उभी केली. सूक्ष्मनलिका एका टोकाला वाढत आणि मोडत असतात. त्यांच्यावरून कायनेसिनसारखी प्रथिनं ओझं घेऊन चालतात, एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, प्रत्येक पावलाला एक एटीपी, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणारा एक रेणू.

चालायची गरज काय, सगळं आपोआप पसरत नाही का? छोट्या पेशीत बरंचसं पसरतं. इथे थोडा हिशेब मांडा, कारण कारखान्याची कोणतीही उपमा ह्या मुद्द्यावर सर्वांत जास्त फसवते. पेशीतले रेणू रस्ता धरून जात नाहीत. ते धक्के खात इकडे-तिकडे हेलपाटतात, आणि योग्य जोडीदाराला योगायोगाने आपटतात. ह्या हेलपाट्यांत अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. मध्यम आकाराचं प्रथिन दहा मायक्रोमीटरची पेशी काही सेकंदांत पार करतं. तेच प्रथिन एक मीटर लांबीच्या चेतातंतूत ह्या मार्गाने टोकाला पोहोचायला हजार वर्षांहून जास्त लागतील. परांचीवरून ओझं वाहणाऱ्या प्रथिनांना तेवढंच अंतर दोन-तीन दिवस पुरतात. पेशी छोटी का असते, आणि मोठी झाली की तिला रस्ते का बांधावे लागतात, ह्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ह्या एका हिशेबात आहे.

वीजघर, आणि घंटीसुद्धा

आता बीटा पेशीत इन्सुलिनचे दहा हजार कण तयार आहेत. ते सोडायचे कधी? रक्तात साखर वाढल्यावर. पेशीला साखर वाढलेली कळते कशी?

तंतुकणिका समजण्यासाठी गच्चीवरची पाण्याची टाकी घ्या. पंपाने पाणी वर चढवलं, आणि खाली सोडताना त्याने चाक फिरवलं. तंतुकणिकेत ग्लुकोजच्या तुकड्यांतून मिळालेली ऊर्जा हायड्रोजनचे धनभारित कण आतल्या पटलापलीकडे ढकलण्यात खर्च होते. ते कण परत येताना एका प्रथिनाचं चाक अक्षरशः फिरवतात आणि फिरत्या चाकावर एटीपी तयार होतं. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा फार थोड्यांना पटली, १९७८ मध्ये तिलाच नोबेल मिळालं. एटीपी म्हणजे भारित केलेली छोटी बॅटरी: वापरली, रिकामी झाली, पुन्हा भरली. दिवसभरात आपण जवळपास आपल्या वजनाइतकं एटीपी असं फिरवतो, आणि एका वेळी शरीरात ते किलोभरही नसतं. टाकीची उपमा तुटते ती ओढीच्या बाबतीत. पाण्याला गुरुत्वाकर्षण ओढतं, इथे विद्युतभार आणि दाटीतला फरक ओढतो. वीजघर ऊर्जा "निर्माण" करतं हेही खोडा, ते फक्त तिचं रूप पालटतं.

आता बीटा पेशीत बघा. रक्तात साखर वाढली की जास्त ग्लुकोज आत येतं, तंतुकणिका जास्त एटीपी बनवतात. पटलात पोटॅशियमची काही दारं आहेत, ती एटीपी वाढलं की बंद होतात. पोटॅशियम बाहेर जाणं थांबतं, पटलाचा विद्युतदाब बदलतो, त्यामुळे कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत घुसतं आणि पटलाशी टेकून बसलेले कण पटलात मिसळून फुटतात. दोन साबणाचे फुगे एकमेकांना चिकटून एक होताना पाहिलेत, तसंच. इन्सुलिन बाहेर.

म्हणजे ह्या पेशीत तंतुकणिका वीजघर आहेच, शिवाय साखर मोजणारी घंटीही आहे. एका भागाला एकच उपमा चिकटवली असती, तर हे दिसलंच नसतं.

भंगार, वाया न जाणारं

लयकारिकांना "आत्मघाती पिशव्या" म्हणणं मला सर्वांत जास्त खटकतं. ऐकून वाटतं, पिशवी फुटली की पेशी संपली. आतली विकरं आम्लात काम करणारी आहेत. लयकारिकेचा सामू पाचाच्या खाली, बाहेर पेशीद्रव्याचा ७.२ च्या आसपास. एखादी पिशवी गळली तर विकरं बाहेर येऊन बहुतांशी निकामी होतात. ही सुरक्षेची सोय आहे. क्रिस्तियान द दुव यांनी १९५५ मध्ये ह्या अंगकाला नाव दिलं. तिचं रोजचं काम भंगार सोडवण्याचं: जुनं यंत्र आणायचं, सुटे भाग काढायचे, भाग पुन्हा कारखान्यात. न वापरलेले इन्सुलिनचे जुने कणही इथेच येतात आणि त्यांचे मणी नव्या माळांत जातात. पेशी आपलेच जीर्ण भाग कसे गुंडाळून इथे पाठवते, ते उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

वनस्पतीपेशीची ओळख करून द्यायला एक उपमा पुरते: सायकलचा टायर आणि ट्यूब. पेशीभित्तिका टायर, आतली मोठी रिक्तिका ट्यूब. पाणी भरलं की पेशी ताठ, कमी झालं की रोप मान टाकतं. वाळायला आलेल्या रोपाला पाणी घालून तासाभराने बघा. हरितलवकांत तंतुकणिकेसारखंच चाक फिरतं, फक्त पंप सूर्यप्रकाशावर चालतो.

आता तुमची पाळी

दुसरं प्रथिन घ्या आणि कुठेही न बघता त्याचा मार्ग लिहा. मी हिमोग्लोबिन देतो. त्याला पेशीबाहेर जायचं नाही, म्हणून तिकीट नाही. तिकीट नाही म्हणून जालिका नाही, गॉल्जी नाही. पेशीद्रव्यातल्या मोकळ्या रायबोझोमवर माळ ओवली जाते आणि तिथेच राहते. इथपर्यंत बरोबर आलात, तर पुढचा भाग. हाडांतल्या मज्जेत लाल रक्तपेशी तयार होते तेव्हा ती आधी हिमोग्लोबिनने भरून घेते, मग केंद्रक बाहेर टाकते, आणि तंतुकणिका व रायबोझोमही मोडून काढते. उरते ती सात-आठ मायक्रोमीटरची लवचिक थैली. वहीत तिच्यासमोर लिहा की काय काय गेलं आणि त्यामुळे काय होईल. तंतुकणिका नाहीत, म्हणून ती वाहून नेत असलेला ऑक्सिजन स्वतः वापरत नाही, ग्लुकोज अर्धवट मोडून मिळेल तेवढ्या एटीपीवर भागवते. केंद्रक नाही, म्हणून एखादं प्रथिन झिजलं तर नवी नक्कल येत नाही. केशवाहिन्यांतून वाकून-दुमडून जाताना पटलाची झीज साठत जाते, आणि सुमारे १२० दिवसांनी प्लीहा किंवा यकृतातल्या भक्षक पेशी तिला गिळतात. त्यांच्या लयकारिकांत हिमोग्लोबिनचे मणी सुटे होतात, आणि लोह पुन्हा मज्जेकडे जातं.